‘प्लीज’ लावलं की विनंती होत नाही

महोदय,

वर्गात मूल ‘गिव्ह मी पेन’ म्हणालं की इंग्रजीच्या बाई म्हणतात, ‘से प्लीज.’ मूल म्हणतं, ‘प्लीज गिव्ह मी पेन.’ बाई खूश, धडा पुढे. पण वाक्य हुकमाचं होतं ते हुकमाचंच राहिलं, फक्त गोड आवाजातलं. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकलेली मुलं बँकेच्या खिडकीशी ‘गिव्ह मी फॉर्म’ आणि नोकरीतल्या पहिल्या फोनवर ‘टेल मी युवर नेम’ म्हणतात. ती उद्धट नसतात. हीच मुलं मराठीत ‘एक फॉर्म देता का’ असं रीतसर विचारतात. शिष्टाचार त्यांना ठाऊक आहे, तो इंग्रजीत ठेवायचा कुठे हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यासाठी हे जरा लांबलेलं पत्र.

सगळं अडतं ते ‘द्या’पाशी. मराठीत आदर क्रियापदाच्या शेपटीत असतो. दे, द्या, देता का, द्याल का, देशील का: शेपूट बदललं की समोरचा कोण, त्याचं आपलं नातं काय, हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजी ‘गिव्ह’ला ही शेपटीच नाही. नातवाला म्हणा नाहीतर कलेक्टरला, ‘गिव्ह’ ते ‘गिव्ह’. एके काळी तिथेही ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा तू-तुम्हीसारखा भेद होता, पण सतराव्या शतकात ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून मागे पडलं आणि लहानथोर सगळ्यांना ‘यू’च उरलं. मग इंग्रजीने आदर प्रश्नाच्या घडणीत आणि आवाजाच्या चढउतारात नेऊन ठेवला. आपलं मूल ‘मला पेन द्या’चं शब्दाला शब्द लावून इंग्रजी करतं तेव्हा ‘द्या’तला आदर वाटेतच गळतो आणि पलीकडे पोचतं ते नुसतं ‘दे’.

हे चौथीच्या मुलालाही समजतं, पण व्याकरणाच्या व्याख्येने नाही. फळ्यावर तीन मराठी वाक्यं लिहावीत: ‘आई, पाणी दे.’ ‘काकू, जरा पाणी देता का?’ ‘प्यायला पाणी मिळेल का?’ आणि विचारावं, कोण कोणाला म्हणतंय? मुलं क्षणात सांगतात की तिसरं वाक्य अनोळखी घराच्या दारात उभं राहून म्हटलेलं आहे. पुढचा प्रश्न: तिसऱ्या वाक्यात पाणी देणारा कोण? कोणीच नाही. ना ‘मी’, ना ‘तुम्ही’. पाणी जणू आपलं आपण मिळणार आहे. समोरच्याकडे बोट न दाखवता मागायचं, हे त्या वाक्याचं कसब. इंग्रजीही तेच करते, जरा वेगळ्या वाटेने: ‘कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ इथे कर्ता ‘मी’ आहे आणि ‘तुम्ही द्या’ हा भाग गाळलेला आहे. म्हणून ‘मिळेल का’ची जोडी ‘कॅन आय हॅव’शी लावून द्यावी. ती लावून दिली नाही तर मूल ‘विल आय गेट वॉटर?’ म्हणतं. व्याकरणात चूक काढता येत नाही, पण ऐकणाऱ्याला ते ‘मला पाणी मिळणार आहे की नाही?’ असं तक्रारीच्या सुरात लागतं.

विनंती किती मऊ करायची हे तीन गोष्टींवर ठरतं: आपल्या दोघांतलं अंतर, कोणाचा अधिकार मोठा, आणि मागणं किती जड. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७८ साली ही मांडणी केली ती इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ अशा तीन भाषांच्या आधारे. मुलांना ही नावं सांगायची गरज नाही. पाण्याची तीन वाक्यं तेच काम करतात.

आता ‘प्लीज’बद्दल. शब्दकोशात ‘प्लीज’ म्हणजे ‘कृपया’, आणि तिथेच घोळ होतो. ‘कृपया’ हा पाटीवरचा आणि स्टेशनवरच्या घोषणेतला शब्द आहे. घरात, दुकानात, एसटीत ‘कृपया सरका’ कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘दादा, जरा सरकता का?’ आपल्या विनंतीचं खरं ओझं वाहतात ते ‘जरा’, ‘तेवढं’, ‘ना’ आणि हाक मारताना लावलेलं नातं. तेव्हा ‘प्लीज’ शिकवताना शेजारी ‘जरा’ ठेवावा. त्याचा आणखी एक फायदा आहे. ‘प्लीज’च्या शेवटचा आवाज आपल्या ‘जीभ’मधल्या ‘ज’पेक्षा ‘जरा’मधल्या ‘ज’ला बराच जवळचा आहे, त्यामुळे उच्चारही त्याच खुंटीला टांगता येतो.

नात्याची हाक मात्र इंग्रजीत तशीच नेता येत नाही. ‘काका’, ‘मावशी’, ‘ताई’ यांचं काम तिथे ‘एक्सक्यूज मी’ करतं. विनंतीच्या आधी ते म्हणायचं आणि श्वासभर थांबायचं, समोरच्याने मान वर केली की मग बोलायचं. हे थांबणं शिकवावं लागतं. नवखं मूल धीर गोळा करून सगळं एका दमात ओकून टाकतं आणि समोरच्याच्या कानावर फक्त शेवटचे दोन शब्द पडतात.

सुरुवातीला शिकवायचं किती? फक्त तीन साचे. वस्तू मागायला ‘कॅन आय हॅव ..., प्लीज?’ दुसऱ्याकडून काम करून घ्यायला ‘कॅन यू ..., प्लीज?’ आणि परवानगीला ‘कॅन आय ...?’ यांत बसवायला सहा क्रियापदं पुरतात: ओपन, क्लोज, पास, हेल्प, वेट, रिपीट. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषा-पातळ्यांच्या आराखड्यात अगदी पहिल्या पायरीवर, म्हणजे ए१ला, वस्तू मागता येणं आणि देता येणं ठेवलेलं आहे. ‘कुड यू’ महिन्याभराने आणावं, ‘वुड यू माइंड’ त्याच्याही बऱ्याच नंतर. एकाच तासात ‘कॅन, कुड, वुड, मे, माइट’ असा तक्ता फळ्यावर काढला की मूल कोणताच साचा तोंडात घोळवत नाही, पाचांचे अर्थ तेवढे पाठ करतं.

‘मे आय कम इन टीचर’ तर पहिलीपासून येतंच, मग विनंती येते की, असं कोणी म्हणेल. येतं, पण एका शब्दासारखं येतं: ‘मेआयकमिन्टीचर’. त्यात ‘मे’ कुठे संपला आणि ‘कम’ कुठे सुरू झालं हे मुलाला माहीत नसतं, म्हणून त्या जागी दुसरं क्रियापद घालता येत नाही. त्या वाक्याचे कागदी पट्ट्यांवर तुकडे करावेत, ‘कम इन’ काढून तिथे ‘सिट हिअर’, ‘गो आउट’, ‘ड्रिंक वॉटर’ ठेवून वाचून घ्यावं. दहा मिनिटांत जुनी घोकंपट्टी कामाला लागते. ‘कॅन आय’ म्हणणाऱ्या मुलाला ‘तुझ्यात ताकद आहे का ते मी विचारलं नाही’ असं सुनावणारे शिक्षक अजून आहेत. परवानगीसाठी ‘कॅन आय’ हे आज रोजचं, सरळ इंग्रजी आहे. ‘मे आय’ जरा औपचारिक, एवढंच. अशा टोमण्याने मूल दोन्ही बोलायचं सोडतं.

वाक्य तोंडी बसवताना शेवटाकडून यावं. आधी ‘प्लीज’. मग ‘अ पेन, प्लीज’. मग ‘हॅव अ पेन, प्लीज’. मग पूर्ण ‘कॅन आय हॅव अ पेन, प्लीज?’ पुढून सुरुवात केली की शेवटाला पोचेपर्यंत दम संपतो आणि आवाज पडतो, आणि पडलेल्या आवाजातला प्रश्न हुकमासारखा ऐकू येतो. मागून आलं की शेवटचा, वर चढणारा सूर सगळ्यांत जास्त वेळा म्हटला जातो आणि तोच पक्का होतो.

सुराचं प्रकरण पुस्तकात नसतं म्हणून वर्गातही नसतं, आणि खरी गोम तिथेच आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. तीच सवय इंग्रजीत नेली की ‘कॅन. यू. गिव्ह. मी. द. बुक’ असं एकेक शब्द ठोकलेलं वाक्य होतं. आपल्या दृष्टीने ते स्पष्ट बोलणं, ऐकणाऱ्याच्या दृष्टीने दटावणं. ‘कॅन’ हलका घ्यायचा, जवळजवळ ‘क्न’. ‘कुड यू’मधले ड आणि य एकमेकांत मिसळून ‘कुज्यू’ होतात. वजन द्यायचं ते मागितलेल्या वस्तूवर. यासाठी शब्दांशिवाय सराव घ्यावा. शिक्षकाने तोंड मिटून वाक्य नुसतं गुणगुणायचं, एकदा पडत्या सुरात, एकदा चढत्या. हुकूम वाटला तर मुलांनी हात खाली ठेवायचा, विनंती वाटली तर वर करायचा. दहा वेळा केलं की मागच्या बाकावरच्यांचे हातही बरोबर उठू लागतात.

चुका ठरलेल्या आहेत, आणि बहुतेकींच्या मागे मराठी तरी आहे नाहीतर आपलंच शिकवणं. ‘कॅन यू टू गिव्ह’ किंवा ‘कॅन यू गिव्हिंग’ हे ‘द्यायला’ आणि ‘देणार’ यांचे प्रत्यय शोधत आलेलं असतं. ‘कॅन’नंतर क्रियापद उघडंबोडकं येतं, एवढाच नियम पुरतो. ‘कुड’ म्हणजे ‘कॅन’चा भूतकाळ असं एकदा पाठ झालं की ‘कुड यू ओपन द डोअर?’ला मूल ‘तू दार उघडू शकलास का?’ समजतं. त्याला सांगावं की हा काळ मागे गेलेला नाही, बोलणारा एक पाऊल मागे सरकून उभा आहे. मराठीतही आपण ‘मी म्हणत होतो, जरा वेळ होता का?’ असं भूतकाळात बोलूनच आजचं काम काढतो. ‘उसनं’ हा शब्द घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला एकच, म्हणून ‘कॅन यू बॉरो मी युवर स्केल’ येतं. इथे बॉरो-लेंडचा तक्ता काढत बसू नये. ‘कॅन आय यूझ युवर स्केल?’ शिकवलं की अडचणच उरत नाही. ‘आयड लाइक टी’ची जरा काळजी घ्यावी. त्यातला ‘ड’ कानाला लागत नाही, मुलं ‘आय लाइक टी’ म्हणतात, आणि मागितलेला चहा राहतो बाजूला, ‘मला चहा आवडतो’ एवढी माहिती समोरच्याला मिळते. तो साचा उशिराच बरा. पत्ता विचारताना ‘कॅन यू टेल मी व्हेअर इज द बस स्टँड’ ही चूक टाळायला आतल्या शब्दक्रमाचा नियम सांगू नये. ‘एक्सक्यूज मी. व्हेअर इज द बस स्टँड, प्लीज?’ असे दोन लहान तुकडे नवख्याला झेपतात आणि पुरेसे सभ्यही असतात. आणि या धड्यात ‘अ’, ‘द’ गाळल्याबद्दल कोणालाही अडवू नये. एका वेळी एकच गोष्ट दुरुस्त होते.

सरावाला मागण्याचं कारण खरं हवं. शेजाऱ्याच्या हातातलं पेन उगाच मागायला लावलं की तिसऱ्या जोडीपासून सगळे हसू लागतात. त्यापेक्षा चौघांचा गट करावा, आठ रंगांची खडूपेटी फोडून प्रत्येकाला दोन रंग द्यावेत आणि आठही रंग लागतील असं चित्र प्रत्येकाला द्यावं: निळं आभाळ, हिरवं शेत, पिवळा सूर्य, तपकिरी बैल, लाल कौलं, काळी वाट, नारिंगी झेंडूच्या माळा, जांभळी वांगी. आता प्रत्येकाला सहा रंग मागितल्याशिवाय सुटका नाही. नियम दोनच. ‘गिव्ह मी रेड’ आलं तर समोरच्याने फक्त ‘पार्डन?’ म्हणून थांबायचं, रंग हातातच ठेवायचा. बरोबर विनंती आली तर ‘हिअर यू आर’ म्हणत द्यायचा, घेणाऱ्याने ‘थँक यू’ म्हणायचं. शिक्षकाने मध्ये बोलायचं नाही. चाळीस मुलांचे दहा गट एकदम बोलतात, गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते. पस्तीस मिनिटांच्या तासात वीस मिनिटं हे चाललं तर एकेका मुलाच्या तोंडून निदान सहा विनंत्या जातात. एकेकाला उभं करून विचारलं असतं तर जेमतेम एक आली असती.

विनंतीइतकंच उत्तरही शिकवायला हवं, आणि नेमकं ते कोणी शिकवत नाही. होकाराला ‘शुअर’, ‘हिअर यू आर’. नकाराला ‘सॉरी, आय ॲम यूझिंग इट’ किंवा ‘सॉरी, आय कान्ट’. नकारात ‘सॉरी’मागोमाग कारण हवं, नाहीतर नुसतं ‘नो’ तोंडावर दार लावल्यासारखं लागतं. ‘थँक यू’बद्दल घराघरांत अवघडलेपण असतं. आपल्याकडे आईचे आभार मानले तर ‘मला परकी केलीस काय’ असं ऐकून घ्यावं लागतं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांत मिठाची वाटी पुढे सरकवली तरी ‘थँक यू’ असतं, आणि त्यात परकेपणा नसतो. मुलांना एवढं सांगितलं की ती लाजायची थांबतात.

शिक्षकाची स्वतःची भाषाही तपासून पाहावी. ‘सिट डाउन’, ‘ओपन युवर बुक्स’, ‘कीप क्वाएट’, ‘कम हिअर’: दिवसभरात मुलांच्या कानावर पडणारं इंग्रजी सगळं आज्ञार्थी. जे ऐकलं तेच तोंडी येणार. सगळ्या सूचना बदलायची गरज नाही, वर्ग चालवायला आज्ञा लागतातच. पण फळा पुसायला, खिडकी उघडायला, वह्या वाटायला सांगताना ‘कॅन यू क्लीन द बोर्ड, प्लीज?’ म्हटलं तर रोज पाच-सहा नमुने फुकट ऐकायला मिळतात.

मोठ्यांच्या स्पोकन इंग्लिश वर्गांत उलटा रोग आहे. तिथे अर्जातली भाषा तोंडी येते: ‘काइंडली’, ‘आय रिक्वेस्ट यू टू’, ‘डू द नीडफुल’. पाण्याची बाटली मागायला ‘सर, काइंडली गिव्ह मी वॉटर बॉटल’ म्हणणाऱ्याला वाटतं की आपण फार नम्र बोललो. खरं तर ते पुन्हा ‘गिव्ह मी’च आहे, वर सरकारी पाटी टांगलेली. रिसेप्शनवर, दवाखान्यात, सुरक्षारक्षकाच्या टेबलाशी काम करणाऱ्यांना चार वाक्यं पक्की दिली तर निम्मं काम भागतं: ‘हूज कॉलिंग, प्लीज?’ ‘कॅन यू होल्ड, प्लीज?’ ‘कॅन यू साइन हिअर, प्लीज?’ ‘सॉरी, कॅन यू से दॅट अगेन?’ यातलं पहिलं नसलं की ‘कोण बोलतंय?’चं सरळ ‘हू आर यू?’ होतं आणि पलीकडचा माणूस दुखावतो. शेवटचं वाक्य सगळ्यांत उपयोगी. ते नसलेला माणूस न समजलेल्या गोष्टीला ‘यस, यस’ म्हणत राहतो.

‘वुड यू माइंड’ शिकवायची वेळ येईल तेव्हा ‘हरकत’ हा शब्द हाताशी ठेवावा. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ला आपला विद्यार्थी मदत करायच्या इच्छेने ‘यस’ म्हणतो, म्हणजे ‘हो, माझी हरकत आहे’, आणि उठून खिडकी उघडतो. विचारणारा गोंधळतो. ‘खिडकी उघडायला तुमची हरकत आहे का?’ याला मराठीत आपण ‘नाही, नाही’ म्हणत उठतोच. तेच इथे: ‘नो, नॉट ॲट ऑल.’

परीक्षेत मात्र विनंती अजून लेखी रूपांतरातच अडकलेली दिसते: आज्ञार्थी वाक्य द्यायचं, ‘पोलाइट रिक्वेस्ट’ करायला सांगायचं, दोन गुण. मूल कंसातलं ‘कॅन यू’ उचलून वाक्याला चिकटवतं आणि गुण मिळवतं, तोंड न उघडता. याऐवजी तोंडी चाचणी घ्यायला फार वेळ लागत नाही. एका मुलाला एक मिनिट, रोज आठ मुलं, पाच दिवसांत चाळीसचा वर्ग पुरा. टेबलावर पाच वस्तू ठेवायच्या, मुलाने एक मागायची, शिक्षकाने एकदा द्यायची आणि एकदा मुद्दाम नाकारायची. पाच गुणांतले दोन प्रश्नाच्या घडणीला, एक चढत्या सुराला, एक ‘एक्सक्यूज मी’ म्हणून थांबण्याला, एक नकार ऐकल्यावर ‘ओके, थँक यू’ म्हणण्याला.

जाता जाता एक मागणं वृत्तपत्रांकडेही. ‘रोज एक इंग्रजी वाक्य’ अशा सदरांत ‘कॅन यू गिव्ह मी अ पेन, प्लीज?’ खाली ‘कृपया तुम्ही मला एक पेन देऊ शकता का?’ असा अर्थ छापलेला असतो. असं मराठी कोणी बोलत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला ते इंग्रजी वाक्य कधी वापरायचं हे कळत नाही. त्या जागी ‘जरा पेन देता का?’ एवढं छापता येईल का?

आपले,
इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक